सरळ पंखांच्या माश्या

आमच्या वहिनी दूध तापवण्याआधी हुंगतात, तापल्यावर हुंगतात, आणि दादा पहिला घोट घेतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. त्याला काही झालं नाही की मग स्वतः पितात. बल्ब विकत घेताना दुकानदाराला तो तीन वेगवेगळ्या ठिकाणी लावून दाखवायला सांगतात, कारण एका जागी तो मुद्दाम लागत असेल. दादाला घरी यायला उशीर झाला तर ‘कुठे होतात’ असं त्या विचारत नाहीत. ‘तुमच्या ऑफिसातले दिवे कितीला घालवतात हो?’ असं विचारतात, म्हणजे उत्तर पुढे ताडून बघता येतं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. लपवण्यासारखं त्याच्याकडे आयुष्यात काही जमलंच नाही, आणि एवढ्या सरळ माणसाचा वहिनींना जास्तच संशय येतो.

असा स्वभाव घेऊन माणसाने जावं कुठे? वहिनी गेल्या एका संशोधन संस्थेत, माश्या सांभाळायला. फळमाश्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या, तिळाएवढ्या. त्याच संस्थेत मी सूक्ष्मदर्शकाची खोली बघतो. नोकरीची जाहिरात मीच घरी आणून दिली होती, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे असं दादा अजून म्हणतो. दीर-भावजय एका छताखाली कामाला म्हटल्यावर हळूहळू सगळी संस्थाच त्यांना वहिनी म्हणू लागली. फक्त त्यांना मी भाऊजी आणि मला त्या वहिनी, हे आमचं खरं.

माश्यांची खोली त्यांच्या ताब्यात आली आणि तिथे शिस्त आली. काचेच्या बाटल्या, तळाशी मक्याच्या पिठाचं घट्ट खाणं, तोंडाला कापसाचं बूच, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. कोणी बूच नीट न बसवता गेला तर वहिनी त्याला जिन्यातून परत बोलवायच्या. संशोधन करणाऱ्या पोरांना वाटायचं, बाई फार खडूस आहे. पण वर्षापूर्वी लावलेल्या माश्यांचा वंशही दुसऱ्या कशात मिसळलेला नसायचा, आणि हे त्यांच्याचमुळे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका हुशार मुलाने एकच फोटो उलटासुलटा फिरवून तीन वेगळ्या माश्यांचा म्हणून खपवला होता. तोही वहिनींनीच पकडला. तेव्हापासून सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, कुठलाही निकाल आला की आधी विचारायचे, ‘वहिनींनी पाहिलं का?’ हा प्रश्न वहिनींना पगारवाढीपेक्षा गोड लागायचा. आणि मला वाटतं, तिथेच थोडं बिनसलं. शंका घेणं ही आपली खोड नसून आपला हुद्दा आहे, असं त्यांना वाटायला लागलं.

मग आमच्याकडे ती मुलगी आली. पीएचडीसाठी. एका जागी उभी राहायची नाही, बोलता बोलता चालायची, चालता चालता काहीतरी सांडायची. तिला मी भिंगरी म्हणू लागलो आणि तिनेही ते आनंदाने घेतलं. तिचं पाकीट टेबलावर उघडं, कॉम्प्युटर चालू, डबा कोणाच्याही समोर. जगात कुणी कुणाचं काही घेतं हे तिला माहीतच नव्हतं. वहिनींना ती ‘काकू’ म्हणायची आणि दिवसातून दहा वेळा हाक मारायची, ‘काकू, हे बघायला या ना.’ वहिनी जायच्या. परत येऊन मला म्हणायच्या, ‘एवढं मोकळं माणूस असतं का हो? काहीतरी असणार.’

भिंगरीचा विषय होता अस्तर. पुस्तकात त्याला अभिस्तर म्हणतात, आम्ही आपलं अस्तर म्हणतो. मादी माशीच्या पोटात अंडी मण्यांसारखी ओळीने तयार होतात. प्रत्येक मण्याभोवती पेशींचं एक पातळ अस्तर असतं, एकाच थराचं. सुरुवातीला त्या सगळ्या पेशी सारख्या, बुटक्या ठोकळ्यांसारख्या. अंडं वाढायला लागलं की त्यांच्यात फूट पडते. मागच्या भागातल्या पेशी उंच आणि अरुंद होत जातात, खोक्यात उभ्या ठेवलेल्या पेन्सिलींसारख्या. पुढच्या भागातल्या मात्र रांगेरांगेने चपट्या होतात, इतक्या की पसरून पसरून जवळजवळ नाहीशा दिसतात. कुणी सांगायला नाही, ढकलायला नाही, तरी प्रत्येक पेशी आपली वेळ आली की आकार बदलते. रोज तेच बघतो, पण मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

भिंगरीला असं सापडलं की एक विशिष्ट जनुक बिघडलेलं असेल तर पुढच्या पेशी चपट्या होतच नाहीत. ठोकळे ते ठोकळेच राहतात, अंडं आखूड आणि गोल निपजतं. फोटो मीच काढून दिले होते. इतका स्वच्छ फरक मी क्वचित पाहिला होता. सर खूश झाले. तिचा पहिला लेख पाठवायची तयारी सुरू झाली, आणि त्यावर तिची पुढची शिष्यवृत्ती टिकायची की नाही हे ठरणार होतं. घरी परिस्थिती बेताची, वडील आजारी. ती शिष्यवृत्ती गेली असती तर तिला शिक्षण सोडून परत जावं लागलं असतं, हे तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, कारण ती सगळं सगळ्यांना सांगायची.

वहिनींनी फोटो पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत पाहिले. ‘इतकं स्वच्छ कसं?’ म्हणाल्या.

‘स्वच्छ आहे म्हणून आनंद मानायचा की नाही?’ मी म्हटलं.

‘भाऊजी, खऱ्या माश्या इतक्या आज्ञाधारक नसतात. कुठेतरी पाणी मुरतंय.’

त्या सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, लेख पाठवण्याआधी मी स्वतः एकदा करून बघते. सरांना जुना फोटोवाला मुलगा आठवला असावा. ते हो म्हणाले. भिंगरीला कळलं तेव्हा ती उलट हरखली. ‘काकू करणार? मग तर कोणी शंकाच घेणार नाही,’ असं म्हणत तिने आपल्या माश्यांच्या बाटल्या आणून वहिनींच्या हातात दिल्या. वहिनींनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, पण नजर मात्र मुलीच्या चेहऱ्यावर होती.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जनुक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याबरोबर एक खूण बांधून ठेवतात. ज्या माशीकडे बिघडलेल्या जनुकाबरोबर एक चांगली प्रतही आहे, तिचे पंख वर वळलेले असतात, जुन्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा वळतो तसे. जिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, तिचे पंख सरळ. त्यामुळे बाटलीतल्या माश्या गॅसने बेशुद्ध करायच्या, टेबलावरच्या पांढऱ्या फरशीवर पसरायच्या आणि कुंचल्याने सरळ पंखांच्या तेवढ्या बाजूला काढायच्या. भिंगरीचा सगळा निकाल त्या सरळ पंखांच्या माश्यांवर उभा होता.

वहिनींनी बाटल्या लावल्या. प्रत्येकीच्या बुचावरून चिकटपट्टी ओढली आणि पट्टीवरून काचेपर्यंत आडवी सही केली, म्हणजे कोणी उघडलं तर सही तुटेल. तरी त्यांचं समाधान झालं नाही. माश्यांच्या उबदार खोलीला कुलूप नाही, कोणीही येतं-जातं. मुलीने येऊन काही केलं तर? म्हणून त्यांनी बाटल्या तिथे ठेवल्याच नाहीत. कुलूप असलेलं एकच कपाट संस्थेत होतं, पॅसेजच्या टोकाचं थंड कपाट, जिथे वापरात नसलेल्या जुन्या माश्या सावकाश जगत ठेवतात. किल्ली वहिनींच्या गळ्यातल्या दोरीला. थंडीत माश्या कोशातून जरा उशिरा निघतात, निघू देत, असा त्यांनी विचार केला. कुठे ठेवल्या हे त्यांनी सरांना सांगितलं नाही, भिंगरीला नाही आणि मलाही नाही. हे सगळं मला मागाहून कळलं.

माश्या निघाल्या. वहिनींनी मला बोलावून घेतलं, दार लावलं. पांढऱ्या फरशीवर माश्या पसरल्या होत्या आणि सगळ्यांचे पंख सरळ होते. वळलेल्या पंखांची एकही नव्हती.

‘तीनातल्या दोन तरी वळलेल्या हव्यात,’ वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. ‘एकही नाही. याचा अर्थ कळतो का तुम्हाला?’

मला कळत नव्हता. पण त्यांच्या आवाजामुळे माझ्याही मनात पाल चुकचुकली.

त्यांनी त्यातल्या माद्यांचे अंडाशय काढले, मी रंगवून फोटो घेतले. पडद्यावर अस्तर दिसलं, आणि पुढच्या पेशी छान चपट्या पसरलेल्या होत्या. निरोगी माशीत असतात तशाच. ठोकळा औषधालाही नव्हता. वहिनी खुर्चीत मागे टेकल्या. ‘हिनं मला साध्या माश्या दिल्या,’ म्हणाल्या. ‘बिघडलेलं जनुक यांच्यात नाहीच. असतं तर खूण दिसली असती. मी तपासणार म्हटल्यावर बाटल्याच बदलल्या. म्हणजे तिचा निकाल मुळातच खोटा.’

त्या वेळी ते मला पटलं. पटलं एवढंच नाही, मी भिंगरीचे जुने फोटो परत उघडून बसलो आणि प्रत्येक रेषेत मला कात्री दिसायला लागली. हा ठोकळा जरा जास्तच चौकोनी नाही का? ही कडा इतकी ठळक कशी? मीच काढलेले फोटो होते ते. तरी दिसायला लागलं.

सरांच्या खोलीत भिंगरीला बोलावलं. वहिनींनी फोटो समोर ठेवले आणि एकेक मुद्दा मांडला. मुलगी उभीच होती, पहिल्यांदाच एका जागी इतका वेळ. ‘मी दिल्या त्या त्याच माश्या होत्या, काकू,’ एवढंच म्हणाली. वहिनी म्हणाल्या, ‘मग वळलेले पंख गेले कुठे?’ सरांनी तिचं काम थांबवलं, येण्याजाण्याचं कार्ड काढून घेतलं आणि सांगितलं की सोमवारी दोन बाहेरच्या प्राध्यापकांसमोर चौकशी होईल. उरलेल्या दोन बाटल्या पुरावा म्हणून सरांच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर ठेवल्या. वहिनींनी त्यांना नव्याने पट्टी लावली, नव्याने सही केली, आणि शेजारी सरांचीही सही घेतली.

त्या आठवड्यात संस्थेत सगळे एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघत होते. पोरं पाण्याचा पेला रिकामा करून मगच जागा सोडत. कोणी कोणाच्या टेबलाशी थांबलं की बोलणं बंद. भिंगरी बाहेरच्या पायऱ्यांवर बसलेली दिसायची, आत यायची परवानगी नव्हती आणि घरी काय सांगायचं ते सुचत नव्हतं. मी दोनदा तिच्या बाजूने गेलो. दोन्ही वेळा मान खाली घालून गेलो, आणि त्याची मला लाज वाटते.

घरी चहा घेताना दादाने विचारलं, ‘अगं, पण तिला त्यातून मिळायचं काय? तुलाच तर बोलावून दाखवायची सगळं.’

‘तेच तर,’ वहिनी म्हणाल्या. ‘दाखवणारी माणसंच लपवतात.’

दादा म्हणाला, ‘मग मी तर गेलोच.’ पण कोणी हसलं नाही.

चौकशीच्या आधीच्या शुक्रवारी वहिनी मला घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सही शाबूत आहे ना ते बघायचं होतं. सर वर्गावर होते आणि दार सताड उघडं. ‘बघा, पुरावा हा असा उघड्यावर,’ असं पुटपुटत त्यांनी बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

आत नव्या माश्या निघालेल्या होत्या. अंगाने फिकट, ताज्या. आणि त्यांतल्या कितीतरी माश्यांचे पंख वर वळलेले होते.

‘कोणीतरी उघडली,’ वहिनी लगेच म्हणाल्या. ‘आता खऱ्या आणून टाकल्या. सोमवारी दाखवायला.’ त्यांनी भिंग काढलं. पट्टी बघितली, सही बघितली, सरांची सही बघितली. पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. दुसरी बाटली घेतली, तिच्यातही तेच. तिचीही सही अखंड. एकही रेष तुटलेली नव्हती. मी म्हटलं, ‘वहिनी, ही कोणी उघडलेली नाही.’

त्या बाटली तशीच धरून खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘भाऊजी, इथे दुपारभर ऊन असतं का?’

‘असतं. सर त्याला वैतागलेले असतात.’

‘थंडीत वळत नाहीत,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘पंख. माशी कोशात असताना थंडी लागली तर पंख वळत नाहीत. सरळच राहतात. खूणच पुसली जाते. माश्यांच्या कामावर आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात हे. मीच सांगते सगळ्यांना. तिलाही मीच सांगितलं होतं.’ आणि मग थंड कपाटाचं त्यांनी मला सांगितलं.

म्हणजे त्या दिवशी फरशीवर पसरलेल्या सरळ पंखांच्या माश्यांमध्ये बहुतेक सगळ्या चांगली प्रत असलेल्याच होत्या, पंख वळायचे राहिलेल्या. आम्ही त्यांचेच अंडाशय काढले; दोन्ही प्रती बिघडलेल्या अशक्त माश्या थंडीत अजून कोशातच अडकून होत्या. अस्तर चपटं होणारच होतं. मुलीने काहीही बदललं नव्हतं. आता कळलं माशी कुठे शिंकली ते, असं एरवी मी म्हटलं असतं.

वहिनींनी दोन्ही बाटल्या पदराआड घेतल्या आणि खोलीबाहेर पडल्या. मी मागे. पॅसेजमध्ये उजवीकडे धुण्याची खोली आहे, नको असलेल्या माश्या तिथे वाफेत टाकतात. दोन मिनिटांचं काम. त्या तिकडेच निघाल्या होत्या. चौकशीत कोणी कपाटाबद्दल विचारणार नव्हतं, त्याचं आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीतच नव्हतं, आणि वहिनींची सगळी अब्रू त्या दोन बाटल्यांत होती. मी पावलं उचलली. त्या धुण्याच्या खोलीच्या दाराशी पोचल्या, आणि न थांबता पुढे माझ्या खोलीत गेल्या.

‘सील तोडायचं नाही,’ म्हणाल्या. ‘काचेतूनच फोटो काढा. पंख आणि सही एका फोटोत आली पाहिजे.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘मी टाकून देईन असं वाटलं ना तुम्हाला? वाटलंच पाहिजे. मलाही क्षणभर वाटलं होतं.’ लग्न होऊन घरात आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

सोमवारी दोन प्राध्यापक, सर, भिंगरी आणि आम्ही. वहिनींना बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. ‘चूक माझी आहे,’ त्यांनी सुरुवात केली. ‘या मुलीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी बाटल्या कुलपात ठेवल्या. कुलूप थंड कपाटाला होतं. थंडीनं पंख वळले नाहीत, आणि ते न वळल्याचा पुरावा करून मी तिलाच चोर ठरवलं.’ त्यांनी फोटो पुढे केला. प्राध्यापकांपैकी एकांनी नुसतं ‘अरे बापरे’ म्हटलं. सरांनी कपाळावर हात मारला. त्यांनाही ही गोष्ट माहीत होती, आणि त्यांनीही कुठे ठेवल्या होत्या हे विचारलं नव्हतं. कार्ड त्यांनी स्वतः उठून भिंगरीला परत दिलं. ती ‘थँक यू सर’ म्हणाली आणि खाली बघत राहिली.

वहिनींनी प्रयोग परत केला, यावेळी उबदार खोलीत, उघड्या फळीवर, सगळ्यांसमोर. पंख वळायचे ते वळले. सरळ पंखांच्या निवडल्या, मी फोटो काढले. पुढच्या पेशी ठोकळे ते ठोकळेच. मुलीने म्हटलं होतं, अगदी तसंच. लेख गेला, शिष्यवृत्ती टिकली. सर्व काही ठीक झालं असं सर म्हणत होते.

पण भिंगरीने काकूंना हाक मारली नाही. दिवसांमागून दिवस गेले. ती आपल्या टेबलाशी बसून एकटीच बघायची, एकटीच टिपून घ्यायची. शेवटी वहिनीच तिच्याकडे गेल्या. मी शेजारीच भिंगं पुसत होतो.

‘मी तुझी माफी मागायला आले आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘सगळ्यांसमोर मागितली, पण तुझ्याशी बोलले नाही.’

‘मी रागावले नाही, काकू,’ ती म्हणाली. आवाज खरंच शांत होता. ‘फक्त एक विचारू? वळलेले पंख दिसले नाहीत तेव्हा दोन गोष्टी असू शकत होत्या. एक, कपाट थंड होतं. दोन, मी खोटारडी आहे. पहिली तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मग आधी मीच का सुचले?’

वहिनींनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, काहीतरी समजावतील, जुन्या फोटोवाल्या मुलाचं सांगतील. ते कारण तयार होतं.

‘कारण कपाटात मी ठेवलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आयुष्यभर मी सगळ्यांवर शंका घेतली बाळा, पण स्वतःच्या हातावर कधी घेतलीच नाही.’

भिंगरीने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘काकू, यापुढे माझ्या माश्या मीच सांभाळीन. चालेल ना?’

संस्थेतली एकूण एक माशी वहिनींच्या हाताखालची होती. एवढ्या वर्षांत कोणी स्वतःच्या वेगळ्या ठेवल्या नव्हत्या, ठेवू दिल्याही नव्हत्या. वहिनी हो म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी मधला, हाताशी येणारा कप्पा रिकामा केला, ओल्या फडक्याने पुसला, आणि मुलगी बाटल्या घेऊन येईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.